खोक्यावर नाव कोणाचे?

१९८८ सालच्या फेब्रुवारीत जर्मनीतल्या न्यूरेंबर्ग शहरी खेळण्यांचे मोठे प्रदर्शन भरले होते. तेथे तेरा माणसे एकत्र बसली. पटावरचे खेळ रचणे हा या माणसांचा उद्योग. राइनहोल्ड विटिग नावाच्या खेळकर्त्याच्या पुढाकाराने त्यांनी बिअरच्या पेल्याखाली ठेवतात त्या पुठ्ठ्याच्या चकतीवर एक ठराव लिहिला आणि खाली सह्या केल्या. ठराव साधा होता. खेळाच्या खोक्यावर, दर्शनी बाजूला, खेळ रचणाऱ्याचे नाव छापणार नसाल तर आमच्यापैकी कोणीही तुम्हाला खेळ देणार नाही. त्यात पैशाचा शब्द नव्हता, भत्त्याचा नव्हता. मागणी फक्त नावाची होती.

तीन वर्षांनी, म्हणजे १९९१ मध्ये, जर्मनीत खेळकर्त्यांची रीतसर संघटना उभी राहिली. आज युरोपातल्या एखाद्या बऱ्या खेळाचे खोके हाती घेतले तर त्यावर खेळकर्त्याचे नाव असते, पुष्कळदा चित्रकाराचेही असते. ही रीत कोणा मालकाच्या औदार्याने पडलेली नाही. तेरा माणसांनी माल रोखून धरण्याची तयारी दाखवली तेव्हा ती पडू लागली.

चळवळीच्या वाचकाला येथे प्रश्न पडेल. आपल्यापुढे शिष्यवृत्तीचे, आरक्षणाचे, अत्याचाराच्या खटल्यांचे ढीग पडले असताना पटावरच्या खेळांची उठाठेव कशाला? त्याचे उत्तर असे की आपल्या वस्त्यांतली पोरे आता फक्त कारखान्याच्या दारात उभी नाहीत. चित्रकला महाविद्यालयातून बाहेर पडलेली, संगणकावर चित्रे काढणारी, इंग्रजीत बरे लिहिणारी मुले-मुली घरबसल्या परदेशी कंपन्यांची कामे घेतात. कोणी पत्त्यांवरची चित्रे काढतो, कोणी राक्षसांची आणि किल्ल्यांची वर्णने लिहितो. या कामाला कारखान्याचा भोंगा नाही, मुकादम नाही, हजेरीपट नाही. म्हणून येथे शोषणही नाही, असा समज या मुलांचाच झालेला असतो. आम्ही वकिलीच्या धंद्यात आहोत आणि असे करार आमच्या टेबलावर येऊ लागले आहेत, म्हणून हा विषय घेतला.

हा धंदा काय आहे ते आधी थोडक्यात पाहू. टेबलाभोवती बसून खेळायचे खेळ, म्हणजे पटाचे, पत्त्यांचे, छोट्या पुतळ्यांचे आणि भूमिका घेऊन खेळायचे. यातल्या भूमिकांच्या खेळात पट असेलच असे नाही. जाडजूड नियमपुस्तके असतात, एक जण गोष्ट सांगतो आणि बाकीचे त्या गोष्टीतली पात्रे होतात. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा असा प्रसिद्ध खेळ १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांच्या नावावर निघाला. पुढे १९९३ मध्ये रिचर्ड गारफील्ड या गणिताच्या प्राध्यापकाने 'मॅजिक' हा पत्त्यांचा खेळ काढला. हे दोन्ही खेळ आज 'हॅस्ब्रो' या खेळण्यांच्या बलाढ्य कंपनीच्या मालकीच्या 'विझार्ड्स ऑफ द कोस्ट' या कंपनीच्या हाती आहेत. २०२२ साली एकट्या 'मॅजिक'ने शंभर कोटी डॉलरचा टप्पा ओलांडला. या साऱ्या मालात लाकूड, पुठ्ठा आणि शाई यांची किंमत किती असणार? किंमत आहे ती कल्पनेची, शब्दाची आणि चित्राची. ती निर्माण करणारा माणूस मात्र या व्यवहारात कोठे उभा असतो?

याचे सर्वांत जुने आणि सर्वांत बोलके उदाहरण आपल्या घराघरात आहे. सुट्टीत मुले 'व्यापार' खेळतात. जागा विकत घ्यायची, घरे बांधायची, भाडे वसूल करायचे आणि समोरच्याला कंगाल करायचे. या खेळाचे मूळ 'मोनोपॉली'त, आणि 'मोनोपॉली'चे मूळ लिझी मॅगी नावाच्या अमेरिकन बाईत. मॅगीबाई १८६६ च्या जन्माच्या. लघुलेखनाचे काम करणाऱ्या. हेन्री जॉर्ज या अर्थतज्ज्ञाच्या विचारांनी त्या भारलेल्या होत्या. जमिनीवर मक्तेदारी मिळवून बसलेला माणूस काही न करता इतरांच्या श्रमावर गबर होतो, म्हणून कर जमिनीवर बसवावा, असे हा जॉर्ज सांगे. हे तत्त्व सामान्य माणसाच्या गळी उतरावे म्हणून बाईंनी एक खेळ रचला, त्याला 'जमीनदाराचा खेळ' असे नाव दिले आणि १९०४ साली त्याचे पेटंट घेतले. त्यात नियमांचे दोन संच होते. एकात मक्तेदारी करणारा जिंकतो, दुसऱ्यात निर्माण झालेली संपत्ती सर्वांच्या वाट्याला येते. दोन्ही खेळून बघा आणि तुम्हीच ठरवा, असा त्यामागचा हेतू.

याच मॅगीबाईंनी १९०६ साली वर्तमानपत्रात एक जाहिरात दिली होती. तिच्यात त्यांनी स्वतःला 'गुलाम' म्हणून विक्रीस काढले होते, जो जास्त बोली लावेल त्याला. आठवड्याच्या तुटपुंज्या पगारात एकट्या बाईचे भागत नाही हे जगाला दिसावे, हा त्यातला निषेध. ज्या देशात खऱ्या गुलामांचा बाजार बंद होऊन जेमतेम चाळीस वर्षे झाली होती, तेथे एका गोऱ्या बाईने तो शब्द स्वतःकरिता वापरावा हे आम्हाला थोडे खटकते. पण बाईंचा मुद्दा खोटा नव्हता.

पुढे काय झाले? खेळ हातोहात पसरला. लोक घरी पट रंगवून खेळू लागले, नियम बदलू लागले. मंदीच्या काळात चार्ल्स डॅरो नावाच्या बेकार माणसाने तो उचलला, आपला म्हणून 'पार्कर ब्रदर्स' या कंपनीला विकला आणि रॉयल्टीवर लक्षाधीश झाला. कंपनीला जुन्या पेटंटचा अडथळा दिसला तेव्हा तिने १९३५ साली मॅगीबाईंकडून त्यांचे पेटंट पाचशे डॉलरला विकत घेतले. रॉयल्टी शून्य. बाईंना वाटले, आता आपला विचार देशभर जाईल. प्रत्यक्षात मक्तेदारीचा नियमसंच तेवढा देशभर गेला आणि वाटून घेण्याचा नियमसंच गाडला गेला. १९४० च्या जनगणनेत मॅगीबाईंनी आपला व्यवसाय 'खेळ तयार करणे' असा लिहिला आणि उत्पन्नाच्या रकान्यात शून्य.

हे उघडकीस कसे आले तेही वकिलांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे. १९७० च्या दशकात राल्फ अनस्पाक नावाच्या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने मक्तेदारीविरोधी खेळ काढला, म्हणून कंपनीने त्याला नोटीस धाडली. त्याने माघार घेतली नाही. खटला जवळजवळ दहा वर्षे चालला आणि त्या खटल्याकरिता पुरावे शोधताना मॅगीबाईंचे पेटंट त्याच्या हाती आले. कंपनीने लोकांना डॅरोची सुरस कथा सांगितली होती, आणि कंपनीच्याच दाव्याने ती खोटी ठरली. एरवी बाईचे नाव कोणी काढले असते असे आम्हाला वाटत नाही.

आता कोणी म्हणेल, ही शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट झाली. मग पुढचे पाहा. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'चा जोडकर्ता आर्नेसन याला १९७९ साली आपल्या वाट्याच्या रॉयल्टीसाठी न्यायालयात जावे लागले. १९८१ मध्ये तडजोड झाली. गंमत अशी की ज्याच्या कंपनीविरुद्ध तो गेला त्या गायगॅक्सलाही १९८५ साली त्याच्याच कंपनीच्या कारभारातून बाजूला सारले गेले. भाग ज्याच्या हाती, कंपनी त्याची. खेळ कोणाच्या डोक्यातून निघाला हा प्रश्न संचालक मंडळाच्या बैठकीत विचारला जात नाही.

या धंद्यातल्या व्यवस्थापकांची एक ठरलेली भाषा आहे. आमचे लोक पैशासाठी काम करत नाहीत, ते खेळावरच्या प्रेमापोटी काम करतात. लिहिणाऱ्याला शब्दामागे काही सेंट द्यायचे, तेही पुस्तक छापून आल्यावर. नियम तपासून पाहण्यासाठी महिनोन् महिने खेळणाऱ्यांना बहुधा पैसेच द्यायचे नाहीत, पुस्तकाच्या मागे बारीक अक्षरात नाव घातले की झाले. संपादकाने रात्री जागायच्या, कारण ऑगस्टमधल्या मोठ्या जत्रेआधी पुस्तक बाजारात यायलाच हवे. आणि कोणी तक्रार केली तर दाराबाहेर शंभर जण उभेच आहेत, ज्यांना लहानपणापासून याच कंपनीत काम करायचे स्वप्न आहे.

हे ऐकले की आम्हाला वतनाची आठवण येते. महार वतनदाराला सरकारचे आणि गावाचे काम रात्रंदिवस करावे लागे. मोबदला म्हणजे जमिनीचा तुकडा आणि दारोदार मागून आणलेले बलुते. तरीही वतनाचा केवढा अभिमान! वतन सोडा, असे बाबासाहेबांनी सांगितले आणि १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात त्यासाठी विधेयक आणले, तेव्हा आपल्याच काही लोकांना वाटले की हे आपला मान काढून घ्यायला निघाले आहेत. काम हाच मान, काम हेच भूषण, मग मजुरी कशाला मागता, अशी ती रचना. खेळाच्या धंद्यातल्या चित्रकाराची आणि वतनदाराची बरोबरी होत नाही हे उघड आहे. चित्रकार काम सोडून जाऊ शकतो, त्याला कोणी गावकुसाबाहेर ठेवलेले नाही, त्याचा स्पर्श कोणाला विटाळत नाही. पण प्रेम किंवा मान पुढे करून मजुरीचा प्रश्न गिळून टाकायचा, ही युक्ती दोन्हीकडे एकच आहे. कामावर प्रेम असणे चांगले. ते प्रेम मालकाने पगारातून वजा करायला लागणे ही वेगळी गोष्ट आहे.

आता कराराकडे येऊ, कारण खरी मेख तेथे आहे. अमेरिकेच्या १९७६ च्या कॉपीराइट कायद्यात 'मालकासाठी केलेले काम' अशी एक कल्पना आहे. नोकराने नोकरीत केलेले काम मालकाचे, हे समजण्यासारखे आहे. पण सुट्या कामावर घेतलेल्या लेखकाकडूनही, काही ठरावीक प्रकारच्या कामांत, लेखी करारावर सही घेतली की कायद्याच्या नजरेत त्या कामाचा कर्ता कंपनीच होते. नुसते हक्क विकले असते तर अमेरिकन कायदा कर्त्याला पस्तीस वर्षांनी ते परत मागण्याची एक संधी देतो. 'मालकासाठी केलेले काम' म्हणून सही केली की ती संधीही जाते, कारण तुम्ही कर्ते नव्हताच! पटाच्या खेळाचे कर्ते त्या मानाने बरे आहेत. त्यांना प्रकाशकाच्या घाऊक विक्रीवर साधारण पाच ते आठ टक्के रॉयल्टी मिळण्याची रीत आहे, आणि जर्मन संघटनेसारख्या संघटनांनी ती टिकवून धरली आहे. भूमिकांच्या खेळांचे लेखक आणि बहुतेक चित्रकार एकरकमी पैशावर काम करतात.

आपल्याकडचा १९५७ चा कॉपीराइट कायदा या बाबतीत वाचण्यासारखा आहे, आणि आपल्या मुलांनी तो वाचलेला नसतो. सतराव्या कलमाप्रमाणे नोकरीच्या करारात केलेले काम, उलट करार नसेल तर, मालकाचे होते. सुट्या कामाच्या लेखकाचे लिखाण त्याचेच राहते. पण चित्रकाराला येथे ठेच लागते. कोणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन काढलेले रंगचित्र, उलट करार नसेल तर, सांगणाऱ्याच्या मालकीचे होते. म्हणजे एकाच पुस्तकात सुट्या कामावर लिहिणारा मुलगा आणि चित्र काढणारी मुलगी यांची कायद्यापुढे स्थिती वेगळी. एकोणिसावे कलम लेखकाच्या बाजूचे आहे. हक्क दिल्याचा कागद लेखी हवा, मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरावी, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरताच धरावा, असे ते सांगते. म्हणूनच कंपन्यांच्या करारात 'संपूर्ण विश्वात, कायमस्वरूपी' असे शब्द सापडतात. विश्व हा शब्द आम्ही गमतीने लिहिलेला नाही, करारात तो खरोखर असतो. मंगळावर कोणी हा खेळ विकला तरी मुलाला काही मागता येणार नाही.

२०१२ साली या कायद्यात दुरुस्ती झाली. चित्रपटाच्या गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीचा हक्क मिळाला आणि तो हक्क आधीच लिहून घेण्याला बंदी आली. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत हा प्रश्न लावून धरला होता. चित्रपटवाल्यांचा आवाज मोठा, त्यांची संघटना जुनी, म्हणून त्यांच्यासाठी कायदा हलला. खेळाची चित्रे काढणाऱ्यासाठी अजून कोणी बोललेले नाही.

एक हक्क मात्र पैसे घेऊन हक्क विकले तरी कर्त्याकडे उरतो. सत्तावन्नावे कलम सांगते की आपण या कृतीचे कर्ते आहोत असे म्हणण्याचा आणि कृतीची विटंबना रोखण्याचा अधिकार कॉपीराइटपासून वेगळा आहे. अमरनाथ सहगल या शिल्पकाराचे दिल्लीच्या विज्ञान भवनातले भव्य भित्तिशिल्प सरकारने १९७९ मध्ये उखडून गोदामात टाकले. शिल्पाचे पैसे सरकारने दिलेले, शिल्प सरकारचे. तरी २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने शिल्पकाराच्या बाजूने निकाल दिला, पाच लाखांची भरपाई दिली आणि उरलेले शिल्प त्याला परत करायला लावले. न्यूरेंबर्गच्या चकतीवर जे मागितले होते ते आपल्या कायद्यात असे बसलेले आहे. कोणी वापरत नाही, एवढेच.

आमच्याकडे मध्यंतरी एक तरुण आला. मुंबईच्या उपनगरातला, वडील महापालिकेत सफाई कामगार. त्याने एका परदेशी कंपनीसाठी पत्त्यांवरची चाळीस चित्रे काढली होती. निम्मे पैसे आले, निम्मे 'छपाईनंतर' येणार होते. छपाई लांबली आणि कंपनीने पत्रांना उत्तर देणे बंद केले. करार त्याने मोबाइलवर वाचला होता, म्हणजे वाचला नव्हता. वाद झाला तर तो कंपनीच्या गावच्या न्यायालयात चालेल असे शेवटच्या पानावर होते. तेथे जायच्या विमानाच्या तिकिटाला त्याच्या थकलेल्या पैशापेक्षा जास्त पैसे लागले असते. हे अन्यायाचे फार मोठे प्रकरण नाही. वर्तमानपत्रात येण्याजोगेही नाही. म्हणूनच असे शेकडो प्रकार गुपचूप जिरतात.

कागदावरचा एक शब्द किती भारी पडतो याचा मोठ्या प्रमाणावरचा दाखला २०२३ च्या जानेवारीत मिळाला. 'विझार्ड्स' कंपनीने २००० साली एक खुला परवाना काढला होता. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'चे मूळ नियम घेऊन कोणीही आपली पुस्तके काढावीत, रॉयल्टी द्यायची नाही. त्या भरवशावर वीस वर्षांत शेकडो छोट्या कंपन्या उभ्या राहिल्या, हजारो लेखकांना काम मिळाले. आणि मग नव्या परवान्याचा मसुदा फुटला. जुना परवाना रद्द समजावा, वर्षाला साडेसात लाख डॉलरच्या वर धंदा करणाऱ्याने त्यावरच्या उत्पन्नातून पंचवीस टक्क्यांपर्यंत द्यावे, असे त्यात होते. जुन्या परवान्यात 'कायमस्वरूपी' हा शब्द होता, पण 'अपरिवर्तनीय' हा नव्हता! कायम चालणारी गोष्ट मालकाला मागे घेता येते की नाही, यावर अमेरिकेतल्या वकिलांनी रकानेच्या रकाने लिहिले. न्यायालयापर्यंत मात्र गोष्ट गेलीच नाही. खेळणाऱ्यांनी कंपनीच्या संकेतस्थळावरची वर्गणी बंद करायला सुरुवात केली आणि महिना संपायच्या आत कंपनीने माघार घेतली. मूळ नियम अशा परवान्याखाली खुले केले, जो परत घेता येत नाही. गिऱ्हाईक आणि कामकरी एका बाजूला आले की काय होते ते तेथे दिसले.

त्याच वर्षी जानेवारीत हॅस्ब्रोने सुमारे हजार जागा कमी करण्याचे जाहीर केले होते. डिसेंबरात, नाताळाच्या दोन आठवडे आधी, आणखी अकराशे. कारण काय, तर खेळण्यांची विक्री घसरली. पण 'विझार्ड्स'चा विभाग नफ्यात होता. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'वर बेतलेल्या 'बाल्डर्स गेट ३' या संगणकीय खेळाने त्या वर्षी हॅस्ब्रोला नऊ कोटी डॉलर मिळवून दिले होते. तरी कुऱ्हाड त्या विभागातल्या चित्रकारांवर, लेखकांवर, संपादकांवरही पडली. ज्या शेतात पीक आले त्याच शेतातले गडी काढून टाकायचे, कारण मालकाचे दुसरे शेत वाळले! याला व्यवस्थापनशास्त्रात काय म्हणतात ते आम्हाला शिकवलेले नाही.

याच सुमारास चित्रे काढणारी यंत्रे आली. २०२३ च्या ऑगस्टमध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या एका पुस्तकातली चित्रे यंत्राच्या मदतीने केल्याचे वाचकांनी ओळखले आणि कंपनीला आपल्या चित्रकारांना तसे करण्यास मनाई करावी लागली. २०२४ च्या जानेवारीत 'मॅजिक'च्या जाहिरातीत पुन्हा तेच. कंपनी आधी ठासून म्हणाली, चित्र माणसाचेच आहे. दोन-तीन दिवसांत कबूल करावे लागले की त्यात यंत्राने केलेले भाग आहेत. पत्त्यावरच्या चित्रातली बोटे मोजणारी गिऱ्हाइके या धंद्याला लाभली आहेत, हे चित्रकारांचे नशीब. इतर धंद्यांतल्या कलावंतांना तेवढेही नाही.

आता थोडी उमेदीची गोष्ट. अमेरिकेत सिएटल शहराजवळ रेडमंड येथे 'पाइझो' नावाची कंपनी आहे. खुल्या परवान्याच्या आधारेच ती मोठी झाली. २००९ पासून 'पाथफाइंडर' हा तिचा मोठा खेळ. २०२१ च्या सप्टेंबरात तेथल्या कामाच्या परिस्थितीबद्दल माजी नोकरांनी जाहीर तक्रारी केल्या. त्या भागातली घरभाडी मायक्रोसॉफ्टच्या नोकरांना परवडणारी, आणि पगार मात्र पुस्तके काढणाऱ्या कंपनीचे. १४ ऑक्टोबरला तेथल्या कामगारांनी संघटना स्थापन केल्याचे जाहीर केले आणि दूरसंचार कामगारांच्या जुन्या राष्ट्रीय संघटनेशी तिला जोडले. अशा खेळांच्या धंद्यातली ही तेथली पहिली संघटना म्हणून नोंदली गेली.

यात आम्हाला सर्वांत मोलाची वाटली ती सुट्या कामाच्या लेखकांची वागणूक. अमेरिकन कायद्यात सुट्या कामावरचा माणूस कामगार ठरत नाही, त्याला संघटनेत जागा नाही. उलट अशा माणसांनी मिळून दर ठरवले तर तो मक्तेदारीविरोधी कायद्याखाली गुन्हा ठरण्याची भीती. मक्तेदारांसाठी केलेला कायदा शब्दाला काही सेंट घेणाऱ्यावर उगारला जातो! अशा परिस्थितीत पाइझोसाठी लिहिणाऱ्या सुट्या लेखकांनी लेखणी खाली ठेवली. त्यांच्याही मागण्या होत्या. त्या त्यांनी बाजूला ठेवल्या आणि एकच मागितले, या कामगारांच्या संघटनेला मान्यता द्या. ज्या संघटनेत आपल्याला प्रवेश नाही तिच्यासाठी त्यांनी आपली मजुरी थांबवली. आठवडाभरात व्यवस्थापनाने स्वखुशीने मान्यता दिली, निवडणुकीची मागणी केली नाही. पुढे २०२३ च्या मार्चमध्ये याच कंपनीने यंत्राने केलेले लिखाण आणि चित्रे आपल्या पुस्तकांत घेणार नाही असे जाहीर केले.

मान्यता हा शब्द आपल्याला परका नाही. व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते बाबासाहेबांकडे होते तेव्हा, १९४३ साली, कामगार संघटनेला मान्यता देणे मालकावर बंधनकारक करणारे विधेयक त्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात आणले होते. १९४७ च्या दुरुस्तीत ते तत्त्व कायद्यात आले, पण त्या तरतुदी अंमलात आणल्याच गेल्या नाहीत. महाराष्ट्राने १९७१ साली आपला वेगळा कायदा केला. पण कलावंताला त्याचा लाभ मिळायचा तर तो आधी 'कामगार' ठरला पाहिजे. येथे गोव्यातल्या एका शिक्षिकेचा खटला आठवतो. सुंदरंबाळ यांना नोकरीवरून काढले, त्या औद्योगिक विवाद कायद्याखाली दाद मागायला गेल्या. १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की शिकवणे हे थोर कार्य आहे, म्हणून शिक्षक कामगाराच्या व्याख्येत बसत नाही. थोर म्हटले की हक्क संपले! २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने कामगाराच्या व्याख्येत पत्रकारांचा स्पष्ट उल्लेख केला, विक्रीसाठी फिरणाऱ्यांचा केला. चित्रकाराचा, खेळकर्त्याचा उल्लेख तीत नाही. त्याचे काम 'कुशल' की 'तांत्रिक', यावर प्रत्येकाने आपापला खटला लढायचा.

सारेच मालक वाईट असतात असे आम्ही म्हणत नाही. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या 'गेम्स वर्कशॉप' या पुतळ्यांच्या खेळाच्या कंपनीने २०२१ मध्ये, चांगल्या नफ्याच्या वर्षी, प्रत्येक नोकराला सारखाच पाच हजार पौंडांचा बोनस दिला. साहेब असो की गोदामातला हमाल, रक्कम एकच. हे कौतुकाचे आहे. पण याच कंपनीने २०१० च्या दशकात आपल्या नियमपुस्तकांवरून लेखकांची नावे काढून टाकली आणि तेथे कंपनीचे नाव उरले. पैसे दिले, नाव घेतले. बोनस एका वर्षाचा असतो. नाव असेल तर माणूस दुसऱ्या दारात जाऊन सांगू शकतो की ते पुस्तक माझे, म्हणून मला अमुक दर द्या. व्यवस्थापक नावाला का घाबरतात याचे कारण आम्हाला यातच दिसते.

आपल्या ज्या मुला-मुलींच्या हाती असे करार येतात त्यांना आमची विनंती आहे. सही करण्याआधी तो कागदावर छापून घ्या आणि ज्याला इंग्रजी कायद्याची भाषा कळते अशा माणसापुढे ठेवा. प्रत्येक तालुक्यात आता आपले वकील आहेत. कर्ता म्हणून नाव कोठे आणि किती ठळक छापणार हे लिहून मागा. पैसे छपाईनंतर नकोत, काम हाती दिल्यावर अमुक दिवसांत हवेत. चित्र यंत्राला शिकवण्यासाठी वापरणार नाही असे एक वाक्य मागा. वाद झाला तर तो कोठे चालेल ते शेवटच्या पानावर पाहा. कंपनी यातले निम्मे नाकारील. कोणते निम्मे नाकारले ते एकमेकांना सांगा, कारण त्याच कंपनीचा करार नागपूरच्या मुलीकडे आणि औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, मुलाकडे एकाच वेळी पडलेला असतो आणि दोघांनाही वाटत असते की हा कागद आपल्या एकट्यासाठी लिहिला आहे.